कराचीचे पहिले महापौर

जमशेद नसरवानजी मेहता यांची ओळख दानशूर शेठ म्हणून करून देणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. १८८६ साली पारशी व्यापारी घराण्यात जन्मलेला हा माणूस वडिलांच्या पेढीत तयार झाला, १९१८ मध्ये कराची नगरपालिकेवर निवडून आला आणि १९२२ पासून सलग अकरा वर्षं नगराध्यक्ष राहिला. १९३३ मध्ये नव्या कायद्याने महापौरपद आलं, तेव्हा पहिला मानही त्यांनाच मिळाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून ही हकीगत आपल्याला परकी नाही. त्यांचं खरं मोठेपण थैलीपेक्षा खुर्चीत बसून केलेल्या कामात आहे, असं मला ठामपणे वाटतं. देणगी एकदा देऊन मोकळं होता येतं. पाणी, गटारं, रस्ते, प्रसूतिगृहं यांचा व्याप मात्र रोज सांभाळावा लागतो.

कोणी म्हणेल, कराचीची भरभराट तशीही होतच होती. खरं आहे. पंजाबच्या कालव्यांवर पिकलेला गहू रेल्वेने याच बंदरात उतरत होता आणि १९३२ मध्ये सक्करचा बंधाराही सुरू झाला. पण बंदरातला पैसा आपोआप वस्तीत झिरपत नाही. मुंबई तर कराचीहून कितीतरी श्रीमंत, तरी गिरणगावात एकेका खोलीत अख्खी कुटुंबं कोंबलेली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मताचा हक्क मूठभरांना आणि वर इंग्रजांचं राज्य, मग अशा महापौराला लोकांचा प्रतिनिधी कसं म्हणायचं? प्रतिनिधित्व तोकडं होतं, हे मान्यच करावं लागेल. तरी जमशेद सरकारचे होयबा नव्हते. ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीत ते उतरले होते. मत नसलेल्या माणसाचा हिशेबही ते कसा धरत, याची एक आठवण कराचीत सांगतात. रस्त्यात जखमी गाढव दिसलं म्हणून शेठ मोटारीतून उतरले, त्याच्या बरोबरीने चालत जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि मलमपट्टी होईपर्यंत तिथेच थांबले. मग गाढव बरं होईपर्यंत बुडणारी रोजची कमाई त्यांनी मालकाच्या हातात ठेवली. भूतदया पुष्कळांकडे असते. गाढव घरी बसलं तर गरिबाची चूल थंडावते, हे ध्यानात यायला मात्र रोजच्या जमाखर्चाची सवय लागते, आणि ही सवय त्यांनी पेढीवरून नगरपालिकेत नेली होती.

फाळणीनंतरही त्यांनी कराची सोडली नाही. निर्वासितांसाठी ते राबत राहिले. १९५२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. शहरातला एक मोठा भाग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.