चार राज्यं पाहिलेली मोटार

१९४८ साली भंडाऱ्यात घेतलेली आणि जिल्ह्याबाहेर कधीच न गेलेली एखादी मोटार डोळ्यांसमोर आणा. ती घेतली तेव्हा भंडारा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५० मध्ये त्या प्रांताचं मध्यप्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. वैनगंगाही न ओलांडता बारा वर्षांत ही गाडी चार राज्यांत राहून आली. पुढे १ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला, १९९९ मध्ये गोंदिया वेगळा निघाला, आणि आज भंडाऱ्याच्या पाट्या एमएच-३६ च्या, गोंदियाच्या एमएच-३५ च्या. जुन्या कागदावरचं राज्य, पाटीवरची अक्षरं आणि मालकाचं गाव यांचा मेळ बसला नाही की गिऱ्हाइकाच्या मनात पाल चुकचुकते. इथं मात्र मेळ न बसण्याचं कारण साधा भूगोलही असू शकतो. म्हणून माझं म्हणणं असं, की इथल्या जुन्या गाडीचा शोध 'इंजिन ओरिजिनल आहे का' या प्रश्नापासून सुरू करू नये. ती कोणाकोणाच्या हातातून आली, हे आधी विचारावं.

याचा अर्थ कारखान्याकडे पाठ फिरवावी असा नाही. जीपचंच घ्या. जुनी जीप दिसली की 'ही महायुद्धातली, मिलिटरीची' असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. तो खोटं बोलत नसतो. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला घेतली, पुढे लष्करही त्याच वापरू लागलं, आणि आठवणीत दोन्ही एक झाल्या. अशा वेळी लोखंडाला विचारावं. युद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. पण जाळी गॅरेजात सहज बदलता येते, म्हणून तिच्या साक्षीला वजन कमी. बंपरमागे चेसिसच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा भाग बघावा. विलीजचा नळीसारखा गोल, फोर्डचा उलट्या 'यू'सारखा. तो बदलायचा तर चेसिसलाच हात घालावा लागतो, म्हणून त्याची साक्ष भारी. हाच न्याय उलटही लावावा. डायनामोवर लुकास-टीव्हीएस असं कोरलेलं असेल, तर तो डायनामो १९६१ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण कंपनीच त्या वर्षी निघाली. गाडी मात्र त्यावरून १९६१ नंतरची ठरत नाही. शिवाय 'कारखाना' हा शब्दही जपून वापरावा. भंडाऱ्याजवळ गडेगावला जिचा कारखाना आहे, ती अशोक लेलँड १९४८ मध्ये अशोक मोटर्स या नावानं ऑस्टिन मोटारी जुळवण्यासाठीच सुरू झाली होती. सुटे भाग विलायतेचे, जोडणी मद्रासची. अशा गाडीला एकच जन्मगाव कसं द्यायचं?

आता कागद. चेसिस नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. ते एका ओळीत, एका मापाचे, सारख्या खोलीचे आहेत का ते पाहावं. एखादाच आकडा उथळ असेल किंवा भोवतीचं लोखंड घासून गुळगुळीत झालेलं असेल, तर थांबावं. नंबर पटला की पहिली नोंदणी कुठल्या कार्यालयात झाली ते शोधून तिथल्या रजिस्टरचा उतारा मागावा. मालकाचं नाव बदललं म्हणजे गाडी विकली गेली, असं मात्र धरून चालू नये. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीज खाणी आधी ब्रिटिश सी. पी. मँगनीज ओर कंपनीच्या होत्या. १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची नवी कंपनी निघाली, तीच आजची मॉइल, आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. अशा खाणीतली जीप जागेवर उभी असतानाही तिचा मालक कागदोपत्री बदलतो. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. मोटार एखाद्या मालगुजार घराण्यातली असेल, तर वाटणीपत्र किंवा जुनी विमा पॉलिसी आरटीओच्या कागदाइतकीच कामाची.

यावर कोणी म्हणेल, कायद्यालाच मूळ रूप हवं आहे. खरं आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि तिच्या चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. पण पन्नास वर्षं मोजायची कुठून? पहिल्या नोंदणीपासून. म्हणजे मूळ रूपाचा दावाही शेवटी कागदाच्याच आधारावर उभा राहतो. आणि ज्या गाड्या राबल्या, त्यांचं काय? १९७३ नंतर पेट्रोल महागलं तसं जीप-अ‍ॅम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवणं सर्रास झालं. सुट्या भागांची टंचाई आणि परवान्यांचं राज्य, अशा काळात गाडी चालू ठेवणं हेच मोठं काम होतं. जिथं गाड्या हौसेनं जपल्या गेल्या, तिथली फूटपट्टी धान आणि मँगनीज वाहणाऱ्या गाडीला लावणं मला अन्यायाचं वाटतं. बदललेल्या इंजिनाची आरसीत रीतसर नोंद असेल, तर तो बदल तिच्या इतिहासाचाच भाग आहे. नोंद न करता बदललेलं इंजिन मात्र संशयालाच पात्र, तिथं मी कुणाची बाजू घेणार नाही.

खरी भीती वेगळी आहे. भंगारात गेलेल्या जीपची जाळी तरी कुठल्या गॅरेजच्या मागे पडलेली सापडते, पण वाळवी लागलेलं रजिस्टर परत मिळत नाही. संगणक येण्याआधीच्या हस्तलिखित नोंदी, मग त्या नागपूरच्या असोत की भंडाऱ्याच्या, रद्दीत जाण्याआधी पान न पान स्कॅन झाल्या पाहिजेत. आणि आजोबांच्या पेटीत टॅक्सच्या पावत्यांची दोऱ्यानं बांधलेली गड्डी असेल, तर गाडी विकताना ती नव्या मालकाच्या हाती द्यावी, किल्लीबरोबरच.