विकतच्या शिफारशी
शोधाच्या वाटेवर : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण पानावर एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याचा प्रकार पाहिला. तो निदान स्वतःच्या घरातला उद्योग, पान उघडलं की कुणालाही दिसतो. आजचा उद्योग मात्र दुसऱ्यांच्या वेबसाइटवर चालतो आणि ज्याच्यासाठी चालतो त्या मालकालाच पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांची मुख्य युक्ती सरळ होती. पान स्वतःबद्दल काय सांगतं, त्यापेक्षा इतर पानं त्याची लिंक देतात का आणि देणारी पानं किती वजनदार आहेत, हे पाहायचं. स्थळ आलं की बायोडाटा बाजूला ठेवून आपण चार ठिकाणी चौकशी करतो, त्यातलाच प्रकार. या पद्धतीचं नाव पेजरँक. आज गुगल इतर अनेक गोष्टीही तपासतं, पण लिंकचं वजन पुरतं संपलेलं नाही. आणि शिफारशीला भाव आला की ती विकायला बसणारेही येतातच.

या बाजाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. जे. सी. पेनी ही तिथली जुनी, मोठी डिपार्टमेंट स्टोअरची साखळी. २०१० च्या नाताळच्या खरेदीत गुगलवर ड्रेस शोधा, चादरी-अभ्रे शोधा, गालिचे शोधा, वर हीच कंपनी. सॅमसोनाइटची कॅरी-ऑन बॅग शोधली तरी खुद्द सॅमसोनाइटच्या आधी पेनी! न्यूयॉर्क टाइम्सला हे खटकलं. त्यांनी एका जाणकाराला तपास करायला सांगितलं, तेव्हा पेनीकडे नेणाऱ्या लिंका असलेली दोन हजारांवर पानं सापडली. त्यांतल्या कित्येकांचा कपड्यांशी काडीचा संबंध नव्हता, काही साइट तर ओसाडच पडलेल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये वृत्तपत्राने हे गुगलपुढे ठेवलं. गुगलने कारवाई केली त्या संध्याकाळी सात वाजता बॅगेच्या शोधात पेनी पहिली होती. दोन तासांत ती ७१ व्या क्रमांकावर गेली.

कंपनीचं म्हणणं असं, की या लिंकांना आमची मंजुरी नव्हती, आम्हाला याची कल्पनाच नव्हती. गुगलवरच्या क्रमांकाचं काम पाहणाऱ्या एजन्सीला तिने काढून टाकलं. हा खुलासा खरा की खोटा यात मला फारसा रस नाही. शिक्षा एजन्सीच्या नव्हे, वेबसाइटच्या नावावर लागली, आणि आजही ती तशीच लागते.

दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलविक्या कंपनीची पाळी आली. स्थानिक वृत्तपत्रांच्या साइटवर पैसे देऊन छापून आणलेले लेख आणि त्यांत कंपनीच्या लिंका, असा तो मामला. काही दिवस तर कंपनीचं स्वतःचं नाव शोधूनही तिची साइट वर येत नव्हती. छापणाऱ्या वृत्तपत्रांच्या साइटनाही झळ बसली. आपल्याकडच्या छोट्या न्यूज पोर्टलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. जाहिरातीचे पैसे घ्या, खुशाल घ्या. पण त्या लिंकवर कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण घाला. मग गुगल तिला शिफारस समजत नाही आणि तक्रारीला जागा उरत नाही.

एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि अशा साइट मोठ्या संख्येने खाली गेल्या. मग बाजार उलटा फिरला. काल पैसे मोजून लावलेल्या लिंका काढून टाकण्यासाठी लोक आज हातापाया पडू लागले, आणि काढण्याचेही पैसे मागणारे भेटले. २०१६ पासून पेंग्विन बहुतेक वेळा अशा लिंका नुसत्या मोजतच नाही. म्हणजे शिक्षा टळली तरी पैसे गेलेच. गुगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई मात्र अजूनही होते. ती झाली असेल तर सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात ‘मॅन्युअल ॲक्शन’ या सदरात दिसते.

“महिन्याला पाचशे बॅकलिंक, पहिल्या नंबरची गॅरंटी” असं कुणी म्हणालं, तर लिंका कुठून आणणार त्याची यादी आधी मागा. ‘आमचं नेटवर्क आहे’ एवढंच उत्तर मिळालं, तर काम तिथेच थांबवा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय.

जुन्या एजन्सीने आधीच असं काही करून ठेवलं असेल तर? नको त्या लिंका नाकारण्यासाठी ‘डिसअव्हाव’ हे साधन २०१२ पासून आहे. पण भीतीपोटी ते वापरू नका. त्यात चांगल्या लिंकाही नाकारल्या जातात आणि आहे ते स्थानही घसरतं. कारवाईची नोटीस आली असेल किंवा येण्याचं ठोस कारण दिसत असेल, तरच त्याला हात लावा. त्याआधी शक्य तितक्या लिंका त्या-त्या साइटवाल्यांना सांगून काढून घ्या, मग काय-काय केलं ते गुगलकडच्या पुनर्विचाराच्या अर्जात स्पष्ट लिहा आणि थांबा. पेनीला पूर्वपदावर यायला सुमारे तीन महिने लागले होते.

पुढच्या भागात : दुसऱ्याच्या मजकुराची उचलेगिरी.