परिकर्तिका : वैद्याच्या अंगावर आलेला अनुभव

गुदस्थानाची तक्रार सांगताना आपल्याकडील रुग्णाजवळ बहुधा एकच शब्द असतो, तो म्हणजे मूळव्याध. औषधालयाच्या फळीपाशी उभा राहून तो हा शब्द हलक्या आवाजात उच्चारतो आणि समोरचा मनुष्य अर्शावरील गोळ्या व एखादे रेचक चूर्ण त्याच्या हाती ठेवतो. आम्हीही वर्षानुवर्षे असेच करीत आलो. गेल्या वैशाखात हा व्याधी आमच्याच अंगावर आला, तेव्हा ही सवय किती महाग पडते ते कळले.

लग्नसराईचे दिवस, एस.टी.चा लांबचा प्रवास, पाणी कमी आणि मलवेगाचे धारण. तिसऱ्या दिवशी कठीण मलप्रवृत्ती होऊन कात्रीने कापल्यासारखी वेदना झाली व मलावर ताज्या रक्ताची रेघ दिसली. निदान अवघड नव्हते. तथापि, त्या रात्री आम्ही आपल्याच कपाटातील सोनामुखीयुक्त चूर्ण दुप्पट मात्रेत घेतले. दुसऱ्या दिवशी मुरडा येऊन पाच वेळा पातळ प्रवृत्ती झाली आणि सकाळचा चरा सायंकाळपर्यंत चांगलाच उघडला.

खेदाची गोष्ट अशी की, चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या सहाव्या अध्यायात परिकर्तिका सांगितली आहे ती वमन-विरेचनाच्या व्यापदांमध्ये. मृदुकोष्ठ, श्रांत किंवा अल्पबल मनुष्यास बलवान औषध दिल्यास ती उद्भवते, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. म्हणजे ज्या औषधाने हा व्याधी होऊ शकतो, तेच आपण त्यावर देत असतो. अर्शकुठारासारख्या कल्पात दंती व स्नुहीक्षीर आहेत. अर्शात त्यांचे प्रयोजन आहे. फाटलेल्या त्वचेवरून मल जोराने लोटण्यात काय साधणार?

पुढील दोन महिने आम्ही कोणत्याही अधीर रुग्णासारखेच वागलो. जात्यादि तैल लावले. त्यातील तुत्थामुळे असेल, पण त्या ताज्या व्रणावर असह्य आग झाली. चार दिवसांत ते सोडले. मग एका मित्राच्या आग्रहाने बधिरता आणणारे मलम लावले. वेदना तासभर थांबे, पण पुढे भोवतालच्या त्वचेस कंडू सुटला. नायट्रोग्लिसरीनच्या मलमाने डोके इतके दुखले की रुग्णतपासणी बंद ठेवावी लागली. आठ-दहा दिवसांपेक्षा अधिक काळ आम्ही एकाही उपायास दिला नाही.

अखेर शल्यचिकित्सकांकडे गेलो. व्रण पश्चिम मध्यरेषेत, कडा जाड, बाहेर त्वचेचा एक कोंब. सहा ते आठ आठवड्यांहून जुना व्रण सहज का भरत नाही, याचे त्यांनी केलेले विवेचन आपल्या अपानवैगुण्याच्या कल्पनेस पूरकच वाटले. वेदनेमुळे आतील संवरणी स्नायू आखडतो, आखडल्याने त्या जागेचा रक्तपुरवठा घटतो आणि व्रण भरत नाही. पुढचा कठीण मल तो पुन्हा फाडतो. स्नायूचा छेद घेतल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात, परंतु काहींना वायू वा मल रोखण्यास अडचण येऊ शकते, हेही त्यांनी लपविले नाही. आम्ही दोन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी २ टक्के डिल्टियाझेमचे मलम लिहून दिले व मुदत मान्य केली.

या वेळी मात्र क्रम मोडला नाही. रात्री कोमट दूध व दोन चमचे तूप, सकाळी भरपूर पाण्यासह इसबगोल, जेवणात ज्वारीची भाकरी, दुधी, मुगाचे वरण. ठेचा व लोणचे बंद. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे अवगाह आणि त्यानंतर यष्टीमधु घृताचा लेप. सुश्रुताचार्यांनी परिकर्तिकेत यष्टीमधु, कृष्णतिल, मध व तूप यांनी युक्त पिच्छाबस्ती सांगितला आहे. आरंभी नलिकेचा स्पर्शच सहन होत नसल्याने आम्ही तो टाळला. तिसऱ्या आठवड्यात सहव्यवसायी मित्राने मऊ रबरी नलिकेस तूप माखून यष्टीमधु तैलाची मात्राबस्ती दिली, प्रथम अल्प प्रमाणात, मग वाढवीत ६० मिलिलिटरपर्यंत. त्या दिवसापासून शौचानंतरची तीन तासांची वेदना अर्ध्या तासावर आली. मलमही चालूच होते. सबब श्रेय बस्तीचे किती व मलमाचे किती, हे आम्ही सांगू शकत नाही, आणि अशा एका उदाहरणावरून कोणी सांगूही नये.

सातव्या आठवड्यात वेदना थांबली म्हणून इसबगोल व तूप सोडले. पाचव्या दिवशी व्रण पुन्हा फाटला. वरची त्वचा मिटली तरी ती अद्याप कोवळीच असते, हे रुग्णांना सांगणारे आम्हीच! पुन्हा आरंभापासून सर्व केले; व्रण पूर्ण भरला तो पाचव्या महिन्यात.

औषधालयचालक बंधूंना एक विनंती करावीशी वाटते. मूळव्याधीचे औषध मागणाऱ्यास शौचानंतर वेदना होते काय व किती वेळ टिकते, एवढे विचारावे. अर्शाचा रक्तस्राव बहुधा वेदनारहित असतो; तासन् तास ठणका असेल तर रेचक चूर्ण देऊ नये, वैद्याकडे पाठवावे. व्रण मध्यरेषेऐवजी बाजूस असेल, एकाहून अधिक असतील, किंवा वजन घटणे, ज्वर, मलप्रवृत्तीतील नवा बदल अथवा चाळिशीनंतरचा रक्तस्राव असेल, तर क्षय, आंत्रविकार वा अर्बुद नाही याची खात्री झाल्याशिवाय वैद्यबंधूंनीही केवळ घृतावर विसंबू नये.

आमचा कोंब अद्याप तसाच आहे. त्रास नसेल तर राहू द्या, असे शल्यचिकित्सक म्हणाले. राहू दिला आहे. सोनामुखीची बरणी मात्र समोरच्या फळीवरून आतील कपाटात गेली. ती मागणारे रोज येतात, आणि दोन प्रश्न विचारले की काहीजण रागावून शेजारच्या दुकानात जातात.