धुराचा पडदा

बार्शीच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर परंड्याचा भुईकोट किल्ला आहे. त्याच्या बुरुजांवर जुन्या तोफा आजही पाहावयास मिळतात. १५४९ मध्ये ओतलेली प्रचंड मुलूखमैदान तोफ काही काळ याच किल्ल्यात होती. पुढे ती विजापूरला नेण्यात आली.

अशा तोफांत सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू ठासीत असत. ती पेटली, की तिचा निम्म्याहून अधिक भाग बारीक कणांच्या रूपाने धूर होऊन बाहेर पडे. चार बार होताच रणांगणावर धूर दाटे आणि शत्रू गोलंदाजाला दिसेनासा होई. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ बिनधुराची दारू तयार केली आणि गोलंदाजाची ही अडचण दूर झाली.

परंतु धुराबरोबर सैनिकाचा आडोसाही नाहीसा झाला. मशीनगनसमोर उघड्या मैदानातून चालून जाणे म्हणजे मृत्यूच्या दाढेत शिरणे होते. म्हणून पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) सैन्ये मुद्दाम धूर करू लागली. त्यासाठी तोफांतून धूरगोळे सोडण्यात येऊ लागले.

या गोळ्यांत बहुधा पांढरा फॉस्फरस भरीत. हे मूलद्रव्य हेनिग ब्रांट याने १६६९ मध्ये जर्मनीत शोधले. ते पाण्यात बुडवून ठेवावे लागते. कारण उघड्या हवेत सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला ते आपोआप पेटते. जळताना होणारे ऑक्साइड हवेतील ओलावा शोषून घेते आणि सूक्ष्म थेंबांचा पांढरा ढग पसरतो. मात्र आगीच्या उष्णतेने हा धूर वर चढतो व पडद्याला खाली फटी पडतात.

दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–१९४५) २५ पौंडी तोफेच्या धूरगोळ्यात यावर उपाय होता. त्याच्या पोटात जस्तयुक्त मिश्रणाचे तीन डबे असत. गोळा हवेत असतानाच ते बुडाकडून बाहेर पडत आणि जमिनीवर धुमसत राहत. त्यांचा धूर जमिनीलगत पसरे.

नाशिकजवळील देवळाली येथे भारतीय तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे. धूरगोळा सोडणाऱ्या गोलंदाजाला नेमाइतकेच वाऱ्याचेही ज्ञान लागते. वारा फिरला, तर आपल्या सैनिकांचा आडोसा उडून जातो, किंवा पडदा शत्रूच्याच उपयोगी पडतो.

सैनिकाचे प्राण वाचविणारा हा फॉस्फरस अंगावर पडल्यास खोल भाजतो. १९८० च्या एका आंतरराष्ट्रीय करारान्वये आग लावणाऱ्या शस्त्रांनी नागरिकांवर हल्ला करण्यास मनाई आहे. परंतु धुरासाठी बनविलेले गोळे अशा शस्त्रांत मोडत नाहीत. म्हणून गोळा कशाने भरला आहे, एवढेच जाणणे गोलंदाजाला पुरत नाही. तो कोठे पडणार आणि तेथे कोण राहते, याचाही विचार त्याने तोफ डागण्यापूर्वी करावयास हवा.