भाव सांगायचा धंदा, पण पैसे देणार कोण?

अकोल्याच्या बाजार समितीत आज तूर काय भावाने गेली, हे कळवून चार पैसे मिळवता येतील काय? धंदा सोपा वाटतो. पण गावात पहिला सवाल येतो, ‘भाऊ, भाव सांगाचे कायचे पैसे?’

हा सवाल मोठ्यांनाही चुकला नाही. २००७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा आणली. वर्गणी भरली की मोबाईलवर बाजारभाव, हवामान व पीकसल्ला यायचा. पुढे फाफशां व मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातील १०० गावांत पाहणी केली. २०१२ साली निष्कर्ष छापून आला : संदेश घेणाऱ्यांना सरासरी जादा भाव मिळालेला दिसला नाही. त्यात सरकारचे ॲगमार्कनेट भाव फुकट दाखवते.

मग गिऱ्हाईक कुठे शोधावे? दोन क्विंटल तुरीसाठी अमरावतीचा शेतकरी अकोल्याला जाईल, तर गाडीभाडेच फरक खाऊन टाकते. अडत्याची उचल घेतली असेल, तर माल त्याच्याच दुकानी जातो. भाव कळून उपयोग काय?

पण शेतकरी उत्पादक कंपनी किंवा दालमिलवाला १०० क्विंटलांचा सौदा करतो. क्विंटलमागे शंभराचा फरक म्हणजे दहा हजार रुपये! आधी त्याचे दार ठोठवा. महिनाभर भाव फुकट कळवा, मग बंद करा. ‘आजचा भाव का नाही आला?’ असा ज्याचा फोन येईल, तेच तुमचे खरे गिऱ्हाईक.