नैवेद्याची तयारी आणि बर्फाची कोठी

श्रावण उतरणीला लागला, की घरोघरी मखराची, आराशीची आणि पूजासाहित्याची यादी होऊ लागते. पत्री कोण आणणार, गुरुजी किती वाजता येणार, आरतीला टाळ पुरतील की नाही, हे सारे ठरते. फक्त एका ठिकाणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे स्वयंपाकघरातील फ्रीझर. वास्तविक आजच्या घरातील गौरी-गणपतीच्या स्वयंपाकाचा निम्मा भार हाच कप्पा वाहत असतो. पूर्वी हे काम कोठीघर करीत असे. कोठीची किल्ली घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे आणि कोणत्या मडक्यात काय आहे, ते किती दिवसांचे आहे, हे तिला अंधारातही सांगता येई. बर्फाची ही नवी कोठी मात्र बहुतेक घरांत बेवारस असते. ज्याला जे सुचले ते त्याने कोंबावे आणि दार लोटून द्यावे!

ही कोठी आपल्याकडे तशी अलीकडची. बोस्टनचा नैसर्गिक बर्फ जहाजातून १८३३ साली कलकत्त्यास आला, त्यापाठोपाठ मुंबईसही येऊ लागला. पण ती श्रीमंतांची चैन होती. गोदरेज कंपनीने १९५८ साली आपल्या देशात शीतकपाटे बनविण्यास प्रारंभ केला आणि त्यानंतर हळूहळू ती मध्यमवर्गीय घरांत आली. कोठीघराला जशा पिढ्यान्पिढ्यांच्या चालीरीती लाभल्या, तशा या कपाटाला अजून लाभावयाच्या आहेत. त्या लावून घेण्यास सणाचा मुहूर्त उत्तम, असे आम्हांस वाटते.

आपल्या पंचांगाने त्यासाठी एक दिवस आयताच दिला आहे. आषाढी अमावास्येला आपण दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करतो. ज्या घरांत सामिष भोजन चालते, तेथेही श्रावणासाठी या सुमारास मासे-मटण संपविण्याची रीत आहे. म्हणजे कप्पा आपोआपच रिकामा होतो. त्याच दिवशी तो धुऊन घ्यावा. यंदा तो दिवस हुकला असेल, तर हरतालिकेच्या आदल्या आठवड्यातील एक सकाळ त्यासाठी काढावी. आतील जिन्नस पातेल्यांत घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, जुन्या गोधडीखाली ठेवावेत. बटण बंद करून वीज पूर्ण तोडावी, आत कढत पाण्याचे भांडे ठेवावे आणि दार उघडे टाकावे. अर्ध्याएक तासात बर्फाचे पापुद्रे आपोआप सुटू लागतात. घाईच्या पोटी सुरीने अथवा उलथन्याने बर्फ खरवडणारे पुष्कळ असतात. त्या भिंतींच्या आतून वायूच्या नळ्या गेलेल्या असतात, एक भोक पडले की दुरुस्तीचा खर्च सणाच्या खर्चाला भारी पडतो. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसून, कोरडे करून दार लावावे. भिंतीवर पाव इंचाहून अधिक बर्फ साचू देऊ नये. तो बर्फ म्हणजे थंडावा नव्हे, उलट आतल्या थंडाव्याला आडवे आलेले पांघरूण असते आणि त्यापायी वीज अधिक जळते. ज्या यंत्रांत बर्फ साचतच नाही, त्यांत सामान भिंतीला चिकटवून हवेची वाट अडवू नये, एवढे पाहिले की झाले.

आता भरावयाचे काय? नारळापासून आरंभ करू. चतुर्थीच्या तोंडावर नारळाचा भाव चढतो, म्हणून आधीच नारळ घेऊन, खोवून त्याचा चव साठवावा. प्रत्येक नारळ वेगळ्या वाटीत फोडावा, वास घ्यावा आणि मगच तो इतरांत मिसळावा. दहा चांगल्या नारळांचा चव एका खवट नारळाने नासतो. चव एका मोठ्या डब्यात दाबून भरण्याची पद्धत सर्वत्र दिसते, ती आम्हांस मुळीच पसंत नाही. मग वाटीभर खोबऱ्यासाठी बत्त्याने डोंगर फोडावा लागतो. शिवाय मोठा गोळा सावकाश गोठतो आणि सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक बनतात. हे स्फटिक पदार्थातील पेशी फोडतात, म्हणून वितळल्यावर त्याचे पाणी सुटते. पातळ थर मात्र झटकन गोठतो. तेव्हा एका वेळेस लागेल तेवढाच चव पिशवीत भरावा, हवा काढून तळहाताने सपाट करावा आणि आडवा गोठवावा. गोठल्यावर या पिशव्या देव्हाऱ्याजवळच्या पोथ्यांप्रमाणे उभ्या लावता येतात.

आणि नाव लिहावे! नाव व तारीख. तिथी लिहिलीत तरी आमची हरकत नाही. बर्फात गेलेला प्रत्येक पांढरा जिन्नस सारखाच दिसतो. तो नारळाचा चव, इडलीचे पीठ की मागच्या संकष्टीची उकड, हे ऐन सणाच्या सकाळी ओळखत बसण्याइतका वेळ कोणाजवळ असतो? दारावर एक कागद लावून आत काय आहे ते टिपावे, काढले की खोडावे, आणि आधीचे आधी वापरावे.

सारण दोन दिवस आधी करून ठेवण्यास काहीच अडचण नाही. गुळामुळे ते दगडासारखे गोठतही नाही. पुरणही बर्फात उत्तम राहते. गौरीपूजनाच्या आदल्या रात्री ते खालच्या कप्प्यात आणून ठेवले, की सकाळी पोळ्यांस तयार. ओट्यावर दिवसभर ठेवून ते वितळवू नये, कारण बर्फाने जंतू मरत नाहीत, केवळ निजतात. ऊब मिळताच ते जागे होतात. मटार हे पौष-माघातले काम. दाणे दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत, कोरडे करून गोठवावेत. म्हणजे रंग व गोडी टिकते. दही, काकडी, कच्चा बटाटा यांना मात्र ही कोठी मानवत नाही. पंचामृत तर पूजेच्या वेळीच करावयाचे, त्याचा येथे प्रश्नच नाही.

मोदकांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण बहुतेक घरांत हसे होते ते येथेच. रात्री उरलेले उकडीचे मोदक फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले, की सकाळी पारी चिवट होते आणि मग दोष तांदळाला दिला जातो. आंबेमोहोर बिचारा निरपराध असतो. शिजलेल्या तांदळातील पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट होऊ लागते आणि ही क्रिया गोठणबिंदूच्या किंचित वर, म्हणजे नेमकी त्या खालच्या कप्प्यात, सर्वांत जलद चालते. शून्याखाली अठरा अंशांवर ती जवळजवळ थांबते. म्हणून मोदक ठेवावयाचेच असतील, तर वाफवून, निववून, ताटात सुटे मांडून थेट फ्रीझरमध्ये गोठवावेत आणि मग डब्यात भरावेत. खाण्याच्या वेळी वितळू न देता, हळदीच्या पानावर ठेवून मोदकपात्रात दहा-बारा मिनिटे वाफ द्यावी. पिष्ट पुन्हा मऊ होते. कच्चे मोदक गोठविले तर पारीला तडे जाण्याचा संभव असतो. जुन्या एकदारी कपाटांतील छोटा कप्पा पुष्कळदा अठरा अंशांपर्यंत उतरत नाही. त्यात असा साठा चार-सहा दिवसांपुरताच करावा.

येथे आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या भुवया उंचावतील. गोठविलेला मोदक गणरायापुढे ठेवावयाचा? आमचे उत्तर स्वच्छ आहे: ठेवू नये. नैवेद्याचे एकवीस मोदक त्याच सकाळी वळलेले, त्याच वाफेचे असावेत. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रहर उलटलेले, रस गेलेले, शिळे अन्न तामस प्रकृतीला प्रिय म्हटले आहे. प्रहर म्हणजे तीन तास. आजचे आहारशास्त्र शिजलेले अन्न उघड्यावर दोन तासांहून अधिक ठेवू नका म्हणते, आणि उकाडा बत्तीस अंशांच्या वर गेला तर एकच तास. दोघांचे म्हणणे फार दूरचे नाही. परंतु शिळ्याचा निषेध करणाऱ्या धर्मशास्त्रकारांनीही तुपातेलाने युक्त पदार्थांना मोकळीक ठेवली होती, आणि श्रावण शुद्ध सप्तमीला, शीतलासप्तमीच्या व्रतात, चूल न पेटविता आदल्या दिवशी रांधलेलेच अन्न खाण्याचा परिपाठ आहे. त्या एका दिवशी चुलीला विसावा मिळतो आणि चुलीपुढे बसणारीलाही.

या विसाव्याचा विचार इतर सणांच्या दिवशी कोणी करावयाचा? पहाटे चारला उठून नारळ खोवणारी, आरतीच्या वेळी ओट्याशी उभी राहून शंखाचा आवाज ऐकणारी आणि पंगती उठल्यावर निवलेले दोन घास खाणारी गृहिणी आपल्या घरांत अजूनही दिसते. चव, सारण आणि पुरण आधी तयार असतील, तर नैवेद्याच्या ताजेपणात तिळमात्र उणे न येता तिला हात जोडून आरतीला उभे राहता येईल. दर्शनाला येणाऱ्या पन्नास पाहुण्यांचे मोदक आधी गोठवून ठेवलेले असले, म्हणून देवाचा काही अपमान होत नाही. कोठी भरण्याचे, नावे लिहिण्याचे काम घरातील पुरुषांनी आणि मुलांनी करावयास काय हरकत आहे? त्याला सोवळे लागत नाही.

प्रसादाविषयी मात्र आम्ही कडक आहोत. तो वाटण्यासाठी असतो, साठविण्यासाठी नव्हे. उरलेला प्रसाद टाकवत नाही म्हणून डब्यात घालून बर्फात लोटायचा आणि दसऱ्याला पांढरा पडलेला बाहेर काढायचा, ही अन्नाची विटंबना होय. त्याच दिवशी शेजारी, रखवालदाराच्या घरी, कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांकडे तो पोचवावा. कोकणातील काही घराण्यांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. त्यासाठीचे मासे वा मटण घट्ट झाकणाच्या डब्यात सर्वांत खाली ठेवावे, म्हणजे गळलेले पाणी दुसऱ्या जिनसांवर पडत नाही.

भाद्रपदात पावसाबरोबर विजेचाही लपंडाव चालतो. अशा वेळी दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. पूर्ण भरलेला स्वतंत्र फ्रीझर, दार बंद असल्यास, सुमारे अठ्ठेचाळीस तास थंडावा धरतो, अर्धा भरलेला चोवीस तास. कपाटातील लहान कप्पा त्याहून कमी. म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरावी, पण पाणी गोठताना फुगते हे लक्षात ठेवून बाटली थोडी रिती राखावी. वीज आल्यावर ज्या जिनसांत अजून बर्फाचे कण आहेत, ते पुन्हा गोठविता येतात. कोमट झालेले शिजवलेले अन्न मात्र मन घट्ट करून टाकलेच पाहिजे.

मुंबईकर चाकरमान्यांची अडचण निराळी. ते घराला कुलूप लावून गौरी-गणपतीला गावी जातात आणि मागे वीज किती वेळ गेली होती, हे परतल्यावर कळण्यास मार्ग नसतो. त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी एका वाटीत पाणी गोठवावे आणि बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. विसर्जन करून परतल्यावर प्रथम ती वाटी पाहावी. नाणे वरच असेल तर कोठी शाबूत आहे. ते तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे आणि चवीसुद्धा न पाहता तो साठा काढून टाकावा.