ऑक्टेव्हिया नाव ठेवायचं का?

बालमित्रांनो, तुमचं नाव तुम्ही दिवसातून किती वेळा ऐकता? वर्गात हजेरीला एकदा, मैदानावर मित्रांकडून पाच-सहा वेळा आणि घरी आईकडून तर मोजायलाच नको! इतकं वापरातलं हे नाव, पण ते काही तुम्ही निवडलेलं नाही. तुम्ही पाळण्यात होता. आत्याने तुमच्या कानात हळूच काहीतरी सांगितलं, बायकांनी 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत बुक्के घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि तुम्हाला जन्मभराचं नाव मिळालं!

आमच्या चाकणला एका घरी असंच बारसं ठरलं आहे. मुलीचा जन्म ऑक्टोबरमधला. बाबा गाड्यांच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या मनात नाव आलं, 'ऑक्टेव्हिया'. आजीला ते काही पसंत नाही. "हाक मारता मारता माझी कवळी पडायची!" असं तिचं म्हणणं. मग बाबांनी मला विचारलं, "बाई, हे नाव ठेवावं का?" प्रश्न छान आहे. चला, आपण सगळे मिळून त्याचा विचार करू या.

ऑक्टेव्हिया म्हटलं की तुमच्यापैकी कितीतरी जणांना गाडीच आठवेल. स्कोडा कंपनीची ही गाडी भारतात २००१ साली आली. पण नाव आहे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधलं. लॅटिन भाषेत 'ऑक्टाव्हस' म्हणजे आठवा आणि 'ऑक्टाव्हिया' हे त्यावरून आलेल्या कुळाचं नाव. आता गंमत पाहा. लॅटिन आणि आपली संस्कृत या दूरच्या बहिणी. सप्त - सप्टेंबर, अष्ट - ऑक्टोबर, नव - नोव्हेंबर, दश - डिसेंबर. जुळतंय ना? पण ऑक्टोबर तर दहावा महिना! मग 'अष्ट' कसा? कारण फार पूर्वी रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. बोटांवर मोजून पाहा बरं!

चाकणच्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात २०२२ पासून 'व्हर्टस' नावाची गाडी बनते. हाही लॅटिनच शब्द. त्याचा अर्थ शौर्य. त्यातला 'विर' म्हणजे पुरुष आणि आपला 'वीर', हे दोन्ही एकाच घराण्यातले शब्द! म्हणजे परकं वाटणारं नाव कधीकधी आपल्याच नात्यातलं निघतं.

रोममध्येही बारसं होत असे बरं का. मुलीचं आठव्या दिवशी आणि मुलाचं नवव्या दिवशी. मुलाला स्वतःचं नाव, मग कुळाचं, मग शाखेचं, अशी बहुधा तीन नावं मिळत. उदाहरणार्थ, गायस ज्युलियस सीझर. आणि मुलीला? तिला बहुतेक वेळा फक्त कुळाचंच नाव मिळे. ज्युलियस कुळातली ती ज्युलिया. सीझरच्या दोन बहिणी होत्या, दोघींचं नाव ज्युलिया. त्याच्या आत्याचं नाव ज्युलिया. त्याच्या मुलीचं नाव? तेही ज्युलिया! घरात कुणी "ज्युलिया!" अशी हाक मारली तर काय गोंधळ उडत असेल! मग थोरली, धाकटी किंवा पहिली, दुसरी, तिसरी असं म्हणून ओळख पटवायची.

इतिहासातली प्रसिद्ध ऑक्टेव्हिया ही सम्राट ऑगस्टसची बहीण. याच ऑगस्टसवरून ऑगस्ट महिन्याचं नाव पडलं. तिच्या थोरल्या सावत्र बहिणीचं नावही ऑक्टेव्हियाच! पुढे तिला चार मुली झाल्या. दोघींचं नाव मार्सेला आणि दोघींचं अँटोनिया. तिचा दुसरा नवरा मार्क अँटनी तिला सोडून इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिच्याकडे राहू लागला. पण अँटनी आणि क्लिओपात्रा दोघेही वारल्यावर त्यांची पोरकी मुलं कुणी सांभाळली असतील? ऑक्टेव्हियाने! कुळाकडून मिळालेलं नुसतं आकड्याचं नाव तिने आपल्या वागण्याने मोठं केलं. रोममध्ये तिच्या नावाच्या एका भव्य वास्तूचे अवशेष आजही उभे आहेत.

"पण मराठी मुलीला रोमन नाव शोभेल का?" असं तुम्ही विचाराल. वसईकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत अशी नावं सहज आढळतात. मराठीत कविता आणि लेख लिहिणाऱ्या सिसिलिया कार्व्हालो यांचं नाव मोठ्या माणसांना ठाऊक असेल. सिसिलिया हे 'सिसिलियस' या प्राचीन रोमन कुळावरूनच आलेलं नाव! नाव रोमचं, लेखणी मराठीची. काही बिघडलं का? मुळीच नाही.

आता आपल्याकडे वळू. चाकणहून नाशिक रस्त्याने मंचर, नारायणगाव करत जुन्नरला जाता येतं. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा शिलालेख आहे. तो राणी नागनिकेचा लेख म्हणून प्रसिद्ध आहे. 'नागनिका'! कसं ठसकेबाज नाव आहे! याच सातवाहनांच्या एका पराक्रमी राजाचं नाव होतं गौतमीपुत्र सातकर्णी. म्हणजे गौतमीचा मुलगा. रोममध्ये मुलगी बापाच्या कुळाचं नाव लावत होती, तर आपल्या महाराष्ट्रात राजा आईचं नाव अभिमानाने मिरवत होता. आणि बरं का, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरवला आहे. गौतमीपुत्राची आठवण झाली ना?

आता एक गोष्ट मात्र मन घट्ट करून वाचा. दृष्ट लागू नये म्हणून बाळाचं नाव दगडू, धोंडू ठेवायची रीत पूर्वी होती. त्या नावामागे माया होती. पण 'नकुसा', 'नकोशी' हीही नावं आपल्याच महाराष्ट्रात मुलींना दिली गेली. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून ती नकोशी! विचार करा, रोज हजेरीला उभं राहायचं आणि "नको" या नावाला "हजर" म्हणायचं. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी आवडत्या नटीचं. त्या दिवशी त्यांनी आपलं नाव आपण निवडलं. त्यांचं खरं बारसं त्या दिवशी झालं, असंच मला वाटतं.

तेव्हा पालकहो, नाव देशी की परदेशी, हा प्रश्न दुय्यम आहे. आधी तीन गोष्टी पाहाव्यात. नावाचा अर्थ मुलीला अभिमानाने सांगता येईल का? घरातल्या आजीपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना ते म्हणता आणि लिहिता येईल का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ते नाव ठेवताना ती आपल्याला हवीशी आहे ना? ऑक्टेव्हिया मोठं वाटत असेल तर आजीने घरात 'आक्का' म्हणावं की! घाईही नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तरी ती होते. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून ते नोंदवता येतं.

बाबांना मी एवढंच सांगितलं, "नाव खुशाल ठेवा, पण ते गाडीवरून ठेवलं असं तिला सांगू नका. पोरक्या मुलांना जवळ करणाऱ्या ऑक्टेव्हियाची गोष्ट तिला सांगा."

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. आज जेवताना आई-बाबांना विचारा, माझं नाव कुणी सुचवलं? दुसरी कोणती नावं मनात होती? त्याचा अर्थ काय? उत्तर वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या वर्गात कुणाला नावावरून चिडवत असतील, तर उद्यापासून तुम्ही तिला किंवा त्याला नीट, पूर्ण नावाने हाक मारा. बघा, चेहरा कसा खुलतो ते!